केलूस कसा खेळायचा: वाढता रस्ता, अर्धा किल्ला आणि प्रोव्होस्टसाठी राखलेले दोन देनिए

टेबलावर एक वळणदार रस्ता. एका टोकाला न बांधलेला किल्ला, त्याच्या पायथ्याशी पाच-सहा इमारती, एक पूल आणि पुलापलीकडे बरीचशी मोकळी घरं, म्हणजे चौकोन. पहिल्यांदा पाहिल्यावर ‘केलूस’ हा पटावरचा खेळ एवढाच दिसतो. पत्त्यांचा गठ्ठा नाही, फासे नाहीत. सुरुवातीच्या इमारती रस्त्यावर कशाही क्रमाने लावायच्या आणि कुणाची पाळी आधी हे ठरवायचं, एवढाच काय तो नशिबाचा भाग. त्यानंतर जे घडतं ते सगळं तुमच्या आणि समोरच्यांच्या डोक्यातून येतं. म्हणून हा खेळ मला इतका आवडतो.

विल्यम आतिया यांनी रचलेला हा खेळ ‘इस्तारी’ या फ्रेंच प्रकाशकाने 2005 मध्ये आणला. 2006 मध्ये त्याला ‘डॉयचर श्पिलेप्राइस’ हा जर्मन पुरस्कार मिळाला आणि ‘श्पिल देस यारेस’ या दुसऱ्या जर्मन पुरस्काराच्या परीक्षकांनी गुंतागुंतीच्या खेळासाठीचा खास पुरस्कारही दिला. पटावर कामगार ठेवून कामं अडवायची ही कल्पना त्याआधीही होती, रिचर्ड ब्रीझ यांच्या 1998 च्या ‘कीडम’मध्ये ती दिसते. पण तिच्याभोवती एक पूर्ण, घट्ट विणलेला खेळ कसा उभा राहतो हे जगभरच्या खेळाडूंना केलूसने दाखवलं.

काळ आहे 1289 चा. फ्रान्सच्या गादीवर चौथा फिलिप, म्हणजे ‘देखणा फिलिप’. त्याला राज्याच्या सीमेवर नवा किल्ला हवा आहे, आणि आपण सगळे ते काम घेतलेले कंत्राटदार. केलूस नावाचं गाव दक्षिण फ्रान्समध्ये आजही आहे. खेळातलं नाणं देनिए. हा शब्द रोमन ‘देनारिउस’वरून आला, आणि गुप्तकाळातल्या आपल्या सोन्याच्या नाण्यांचं ‘दीनार’ हे नावही त्याच मुळातलं. दोन चुलत नाणी म्हणा ना.

पटावर शब्द जवळजवळ नाहीत, चिन्हंच आहेत. त्यामुळे आमच्या घरी आम्ही सरळ आपल्या गडकोटांचे शब्द वापरतो, आणि खाली तेच वापरले आहेत. किल्ल्याचे तीन भाग म्हणजे बालेकिल्ला, तटबंदी आणि बुरूज. घोड्यांची ती पागा, गावाचं दार ती वेस, व्यापाराचं ठाणं ती वखार. नवख्यांना समजवताना याचा फार उपयोग होतो.

मांडणी

खेळाडू दोन ते पाच. माझ्या मते तिघं-चौघं उत्तम. पाच जण असले की वेळ फार जातो, आणि दोघांत प्रोव्होस्ट या सोंगटीवरून होणारी ओढाताण सपाट होते.

प्रत्येकाला आपल्या रंगाचे सहा कामगार, मालकी दाखवायला छोटी लाकडी घरं, दोन ठोकळे अन्न आणि एक ठोकळा लाकूड. पैसे पाळीच्या क्रमानुसार: पहिल्याला 5 देनिए, दुसऱ्या-तिसऱ्याला 6, चौथ्या-पाचव्याला 7. जो मागे, त्याला थोडी भरपाई.

ठोकळ्यांचे रंग आधी पाठ करून टाका: गुलाबी अन्न, तपकिरी लाकूड, करडा दगड, जांभळं कापड, पिवळं सोनं. सोनं दुर्मीळ. अन्न सगळ्यात साधं, पण त्याच्यावाचून सगळं अडतं. का, ते किल्ल्याशी येऊ तेव्हा बघू.

पुलाच्या अलीकडे, किल्ल्याजवळ, कायमच्या खास इमारती छापलेल्या आहेत. पुलापलीकडे सहा गुलाबी तुकडे हवे तसे मिसळून लावायचे. या कुणाच्याही मालकीच्या नसलेल्या इमारती. त्यांच्यापुढच्या मोकळ्या जागेवर डाव पुढे सरकेल तशा खेळाडूंच्या इमारती उभ्या राहतील. शेवटी दोन पांढऱ्या सोंगट्या: चपटी गोल चकती म्हणजे बेलीफ आणि उभा दंडगोल म्हणजे प्रोव्होस्ट. नियमपुस्तिकेतल्या चित्राप्रमाणे दोघांना रस्त्यावरच्या एकाच घरात ठेवा. बेलीफ हा शब्द कोर्टामुळे आपल्या कानावरचा आहे. इथे तो डावाचं घड्याळ आहे. प्रोव्होस्ट मात्र इमारती कुठवर चालतील ते ठरवतो, म्हणून सगळ्या भांडणांचं मूळ.

एका फेरीत काय काय होतं

फेरीचे सात टप्पे आहेत. पहिल्या डावात ते मोठ्याने म्हणत पुढे जा, दुसऱ्या फेरीपर्यंत अंगवळणी पडतात.

पहिला टप्पा उत्पन्नाचा. प्रत्येकाला 2 देनिए, शिवाय आपल्या मालकीच्या प्रत्येक राहत्या घरामागे 1. हॉटेल आणि ग्रंथालय या मोठ्या इमारती असल्या तर थोडे आणखी. दोन देनिए म्हणजे किती कमी, ते पुढच्याच टप्प्यात कळतं.

दुसरा टप्पा कामगार ठेवण्याचा. पाळीने प्रत्येक जण एक कामगार एखाद्या मोकळ्या इमारतीवर ठेवतो आणि पैसे भरतो. एका इमारतीवर एकच कामगार बसतो. अपवाद तीन: पागेत तिघांना जागा आहे, किल्ल्यात प्रत्येकाला एक कामगार पाठवता येतो आणि सराईची रीत जरा वेगळी आहे. कुणीही थांबलेलं नसेल तोवर कामगार ठेवायला 1 देनिए लागतो. ठेवायचं नसेल तर ‘पास’ म्हणायचं आणि आपली खूण पुलावर ठेवायची. कुणी पास झालं की उरलेल्यांना कामगार महाग पडायला लागतो, जितके जास्त पास तितका महाग. स्वतःच्या इमारतीवर मात्र कायम 1 देनिएच. जो सगळ्यात आधी पास होतो त्याला बक्षीस म्हणून 1 देनिए मिळतो.

इथे नवखे चुकतात. सहाही कामगार कामाला लावायचे या हट्टाने ते शेवटपर्यंत ठेवत राहतात. चौथा कामगार ठेवून पास झालेला खेळाडू बाकीच्यांचा खर्च वाढवतो आणि हातात दोन पैसेही राखतो. वेळेवर पास होणं हीसुद्धा खेळी आहे, आणि ती मोठी खेळी आहे.

तिसऱ्या टप्प्यात किल्ल्याजवळच्या खास इमारती क्रमाने चालू होतात. वेशीत कामगार असेल तर तो आता कुठल्याही रिकाम्या इमारतीवर फुकट हलवता येतो. सगळ्यांनी आपापले कामगार ठेवल्यानंतर जागा निवडायची ही मुभा फार मोलाची आहे. वखार तुम्हाला 3 देनिए देते. व्यापाऱ्यांच्या संघात बसलेला प्रोव्होस्टला तीन घरांपर्यंत पुढे किंवा मागे सरकवतो, तेही फुकट. भाल्यांच्या झुंजीच्या मैदानात 1 देनिए आणि 1 कापड दिलं की राजाची मर्जी मिळते (या बक्षिसाबद्दल पुढे सांगतो). पागा पुढच्या फेरीचा क्रम बदलते, तिथे आधी पोचला तो आधी खेळतो. सराईत मुक्काम मिळाला की पुढच्या फेरीपासून, दुसरा कुणी येऊन उठवेपर्यंत, तुम्हाला कामगार कायम 1 देनिएला पडतो. पण तोवर एक कामगार तिथेच अडकतो. पैशाची चणचण असेल तरच सराई घ्या.

चौथा टप्पा प्रोव्होस्टचा. त्याच्यावर सविस्तर बोलायचं आहे, म्हणून आधी पाचवा आणि पुढचे सांगून टाकतो.

पाचव्या टप्प्यात पुलापासून सुरू करून प्रोव्होस्ट ज्या घरात आहे तिथपर्यंतच्या, त्या घरासकट, सगळ्या इमारती क्रमाने कामाला लागतात. शेतावरचा कामगार अन्न किंवा कापड आणतो, खाणीतला दगड, सुताराकडचा लाकडी इमारत बांधून देतो. प्रोव्होस्टच्या पुढे बसलेले कामगार रिकाम्या हाताने परत येतात. त्यांच्यावर घातलेले पैसे गेले ते गेलेच. दुसऱ्याच्या इमारतीवर तुमचा कामगार काम करून आला की त्या मालकाला 1 मानाचा गुण मिळतो.

सहावा टप्पा किल्ल्याचा आणि सातवा बेलीफचा. फेरी संपताना बेलीफ पुढे सरकतो: प्रोव्होस्ट त्याच्या पुढे असेल तर दोन घरं, नाहीतर एकच. मग प्रोव्होस्टला उचलून बेलीफच्याच घरात आणून ठेवायचं आणि नवी फेरी सुरू.

प्रोव्होस्ट

आता चौथा टप्पा. ज्या क्रमाने खेळाडू पास झाले त्याच क्रमाने प्रत्येकाला एकदा संधी मिळते: एका देनिएला एक घर या दराने प्रोव्होस्टला जास्तीत जास्त तीन घरं पुढे किंवा मागे हलवायची. नियम एवढाच.

आमच्या घरच्या एका डावातला हा प्रसंग. बेलीफ आणि प्रोव्होस्ट दोघे नवव्या घरात होते. माझा कामगार अकराव्या घरातल्या खाणीवर, म्हणजे प्रोव्होस्टच्या दोन घरं पुढे. दगडाशिवाय माझं सगळं अडलं होतं. बायकोचा शेवटचा कामगार आठव्या घरात, भाच्याचा नवव्या घरात. सगळ्यात आधी पास झाली बायको, मग भाचा, शेवटी मी. माझ्या हातात नेमके दोन देनिए.

बायकोने 1 देनिए देऊन प्रोव्होस्टला आठव्या घरात मागे ओढलं. तिचं काम आठव्या घरातच होतं, तिचं काहीच बिघडलं नाही. मला खाणीपर्यंत जायला आता तीन देनिए लागणार होते आणि माझ्याकडे दोनच. पण त्याच खेळीने भाच्याचा नवव्या घरातला कामगारही बाहेर पडला. त्याची पाळी आली. तो क्षणभर माझ्याकडे बघत बसला, त्याला मला मदत करायची अजिबात इच्छा नव्हती. पण स्वतःचं सोनं वाचवायला त्याने 1 देनिए देऊन प्रोव्होस्ट पुन्हा नवव्या घरात आणला. मग मी दोन देनिए मोजले, प्रोव्होस्ट अकराव्या घरात गेला आणि मला दगड मिळाले. शिवाय प्रोव्होस्ट बेलीफच्या पुढे गेल्यामुळे फेरीअखेर बेलीफ दोन घरं सरकून अकराव्या घरात आला आणि डावाचा वेगही वाढला. भाचा थांबला असता तर बेलीफ दहाव्या घरातच राहिला असता.

या एका प्रसंगात खेळाचं मर्म आहे. शेवटी पास होणाऱ्याचा शब्द शेवटचा असतो, म्हणून दूरच्या घरात कामगार ठेवायचा असेल तर शेवटी पास व्हा आणि हातात पैसे ठेवा. आधी पास होणार असाल तर प्रोव्होस्टच्या अलीकडे बसा. आणि ज्या घरात दुसऱ्याचाही फायदा आहे त्याच्या आसपास आपला कामगार असू द्या, म्हणजे प्रोव्होस्ट ओढायला आणखी एक हात मिळतो. मी स्वतः आता कधीही हातातला शेवटचा देनिए कामगारावर खर्च करत नाही. दोन देनिए शिल्लक असले की समोरचा तुमच्या वाटेला जाताना दहा वेळा विचार करतो, आणि बरेचदा ते दोन देनिए खर्चच करावे लागत नाहीत.

या टप्प्यात बोलायची मुभा द्या. ‘तू एक टाक, मी एक टाकतो’ अशा बोलण्यांनीच खेळाला रंगत येते. दिलेला शब्द पाळायचं बंधन नाही, पण एकदा मोडलात तर पुढच्या फेरीत कुणी ऐकणार नाही.

किल्ला आणि राजाची मर्जी

किल्ल्यात कामगार असेल तर सहाव्या टप्प्यात तुम्ही बांधकामाच्या खेपा देऊ शकता. एक खेप म्हणजे तीन वेगवेगळ्या रंगांचे ठोकळे, आणि त्यात अन्न असलंच पाहिजे. कितीही खेपा द्या. प्रत्येक खेपेला किल्ल्याच्या चालू भागात तुमचं एक घर लागतं. बालेकिल्ल्यात एका खेपेला 5 गुण, तटबंदीत 4, बुरुजात 3. जागा अनुक्रमे 6, 10 आणि 14. एक भाग भरला की पुढच्या भागात बांधकाम सुरू. किल्ल्यात कामगार ठेवून एकही खेप दिली नाही तर 2 गुण जातात, तेव्हा नुसती जागा अडवायला तिथे जाऊ नका.

त्या फेरीत सगळ्यात जास्त खेपा देणाऱ्याला राजाची मर्जी मिळते. बरोबरी झाली तर किल्ल्यात आधी पोचलेल्याला.

बेलीफ ठरावीक घरांवर पोचला, किंवा तो भाग पूर्ण बांधून झाला, की त्या भागाची मोजणी होते. तिथे ज्याचं एकही घर नाही त्याचे गुण कापले जातात, आणि ज्याची घरं पुरेशी आहेत त्याला मर्जी मिळते. नेमका तक्ता पटावरच छापलेला आहे. मोजणी झालेल्या भागात नंतर बांधता येत नाही.

मर्जीच्या चार ओळी आहेत, प्रत्येकीत पाच पायऱ्या. पहिल्या ओळीत मानाचे गुण, 1 ते 5. दुसरीत पैसे, 3 देनिएंपासून 7 पर्यंत. तिसरीत माल: सुरुवात अन्नाने, शेवट सोन्याने. चौथी बांधकामाची. प्रत्येक मर्जीला एका ओळीत एक पायरी वर जायचं आणि तिथलं बक्षीस घ्यायचं. म्हणजे तीच ओळ पुन्हा पुन्हा धरली तर पाचव्या मर्जीला मिळणारं बक्षीस पहिल्यापेक्षा कितीतरी मोठं असतं. चौथ्या ओळीत पहिल्या पायरीवर काहीच हाती लागत नाही, पण पुढे वाकड्या वाटेने न जाता स्वस्तात इमारती बांधता येतात. ज्याला बांधकामावर जिंकायचं आहे त्याने ती ओळ लवकर धरावी. पहिल्याच डावात मात्र गुणांची किंवा पैशाची ओळ धरा आणि शेवटपर्यंत सोडू नका.

इमारतींची साखळी

सुतार लाकडी इमारती बांधतो. लाकडी इमारतींपैकी एक म्हणजे गवंडी, आणि गवंड्याशिवाय दगडी इमारती होत नाहीत. दगडी इमारतींतला वास्तुरचनाकार आला की निळ्या, भरघोस गुणांच्या इमारती बांधता येतात: पुतळा, रंगशाळा, विद्यापीठ, कॅथेड्रल. ही साखळी कुणीतरी सुरू करावी लागते. ज्याने गवंडी बांधला त्याच्याकडे बाकीचे येत राहतात आणि त्याला प्रत्येक वेळी एक गुण मिळत राहतो. वकील हीसुद्धा लाकडी इमारत. त्याच्याकडे गेलात की तुमची एखादी जुनी इमारत राहत्या घरात बदलते. त्यातून दर फेरीला एक देनिए जास्त येतो, आणि निळी इमारत फक्त अशा राहत्या घराच्या जागीच उभी राहते.

नवी इमारत नेहमी रस्त्याच्या शेवटच्या इमारतीनंतरच्या पहिल्या मोकळ्या घरात बसते. आज तुमची इमारत प्रोव्होस्टच्या बरीच पुढे असेल, पण तीन फेऱ्यांनी बेलीफ तिथवर पोचेलच. रस्ता असा डोळ्यांसमोर वाढत जाणं हे या खेळातलं सगळ्यात देखणं दृश्य आहे.

पहिल्या फेरीत काय करायचं

उत्पन्न धरून हातात 7 ते 9 देनिए येतील. मालात दोन अन्न आणि एक लाकूड. खेपेसाठी तीन वेगळे रंग लागतात, म्हणजे एक दगड किंवा एक कापड मिळालं की पहिल्याच फेरीत बालेकिल्ल्यात एक खेप बसते: 5 गुण, आणि इतर कुणी किल्ल्यात नसेल तर राजाची मर्जीही. पण तेच लाकूड आणि अन्न सुताराकडेही लागतं. सुताराकडे जायचं की किल्ल्यात, हा पहिल्या फेरीचा खरा प्रश्न.

माझं उत्तर असं. पाळी पहिली किंवा दुसरी असेल तर सुतार धरा, कारण पहिल्या लाकडी इमारतीची मालकी पुढच्या दहा फेऱ्या गुण आणते. पाळी मागची असेल तर दगड किंवा कापड देणारी इमारत आणि किल्ला. दोन्ही बाबतींत वखार सुटत असेल तर सोडू नका, एक देनिए घालून तीन मिळतात. बाजारातही ठोकळा देऊन बरे पैसे येतात, पण सुरुवातीला विकण्याइतका माल कुणाकडेच नसतो.

तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत बालेकिल्ल्यात निदान दोन घरं हवीत. पहिली मोजणी येताना हात रिकामा असेल तर पुढचा डाव मागे धावण्यातच जातो. आणि दर फेरीला किल्ल्यात जायचा हट्ट नको. एक फेरी सोडून, मालाचा साठा करून, एकदम तीन खेपा घेऊन गेलात तर मर्जी हमखास तुमची.

मधल्या काळात बेलीफचा वेग सतत बघत राहा. तुम्ही गुणांत पुढे असाल तर प्रोव्होस्टला पुढे रेटा, म्हणजे बेलीफ दोन-दोन घरं जातो आणि डाव लवकर आटोपतो. मागे असाल तर त्याला बेलीफच्या जागी किंवा मागे धरून ठेवा, एखादी फेरी जास्त मिळते.

खेळायला पट नसेल तर ‘बोर्ड गेम अरेना’ या संकेतस्थळावर केलूस आहे. तिथे नियम यंत्रच सांभाळतं, त्यामुळे शिकायला सोपं जातं. 2019 मध्ये ‘केलूस 1303’ नावाची नवी आवृत्ती आली. तिचे नियम बरेच आटोपशीर आहेत, तेव्हा खोका घेताना नाव बघून घ्या. इथलं सगळं जुन्या आवृत्तीचं आहे.

डाव बुरुजांच्या मोजणीनंतर संपतो. मग शेवटचा हिशोब: प्रत्येक सोन्याचे 3 गुण, बाकी कुठल्याही तीन ठोकळ्यांचा 1, चार देनिएंचा 1. आता अन्न, लाकूड आणि दगड असे तीन ठोकळे हातात उरले तर त्यांचा एक गुण. तेच तीन ठोकळे शेवटच्या फेरीत किल्ल्यात खेप म्हणून दिले तर बुरुजावर तीन गुण, वर मर्जीची आशा. म्हणून बुरुजांची मोजणी जवळ आली की हातातले ठोकळे टेबलावर मांडून मोजा, किती खेपा होतात ते बघा, आणि किल्ल्यात पहिला कामगार तुमचाच पडेल असं पाहा.